एकच हार्ड डिस्क, संगणक मात्र वेगवेगळे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही दिवसांत आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीविषयी आहेत. हार्ड डिस्क एका संगणकावर व्यवस्थित चालते, दुसऱ्यावर उघडते पण त्यात काही साठवता येत नाही आणि तिसऱ्यावर ती दिसतच नाही. त्यामुळे या अंकातील सदर याच विषयाला दिले असून, सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे, मुलगी मॅक वापरते आणि माझ्या कामाच्या ठिकाणी लिनक्स आहे. तिन्हीकडे चालेल अशी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायची आहे. काही डिस्कच्या खोक्यावर ‘मॅकसाठी’ असे छापलेले असते, काहींवर फक्त विंडोजचा उल्लेख असतो. तिन्हींवर चालणारी डिस्क वेगळी मिळते का?

उत्तर : वेगळी मिळत नाही आणि तशी शोधण्याची गरजही नाही. खोक्यावरील उल्लेखावरून मुख्यतः एवढेच कळते, की कारखान्यातून बाहेर पडताना त्या डिस्कवर कोणते फॉरमॅट केलेले होते. फार तर सोबतची केबल किंवा सॉफ्टवेअर वेगळे असते. आपण ती घरी आणून दहा मिनिटांत दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करू शकता आणि मग खोक्यावर काय छापले होते याला काही अर्थ उरत नाही. म्हणून डिस्क निवडताना तिचा प्रकार, क्षमता आणि जोडणी पाहावी. कोणत्या संगणकावर ती चालेल हे आपण फॉरमॅट करताना ठरवायचे असते.

फॉरमॅट करणे म्हणजे डिस्कवर फाइल सिस्टीम तयार करणे. ग्रंथालयात पुस्तक कोणत्या कपाटात आहे हे नोंदवहीवरून कळते, तसे डिस्कवरील कोणती फाइल कोठे सुरू होते, कोठे संपते आणि कोणती जागा रिकामी आहे हे फाइल सिस्टीमवरून कळते. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमची नोंद ठेवण्याची रीत निराळी आहे. विंडोजची एनटीएफएस ही रीत १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आली. मॅकने १९९८ पासून एचएफएस प्लस वापरली आणि २०१७ मध्ये एपीएफएसकडे वळण घेतले. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी २००८ मध्ये स्थिरावलेली एक्स्ट४ आढळते. मॅक संगणक एनटीएफएस डिस्कवरील फाइली वाचतो, मात्र त्यावर लिहीत नाही. विंडोज मॅकच्या दोन्ही पद्धती स्वतःहून वाचत नाही, आणि एक्स्ट४ डिस्क जोडली तर ती फाइल एक्स्प्लोररमध्ये उघडतही नाही.

तिन्हींना समजणाऱ्या पद्धती दोनच आहेत. पहिली फॅट३२. ती जुनी, सर्वत्र चालणारी, पण आजच्या कामाला तोकडी आहे. त्याचे कारण पुढील एका उत्तरात येईल. दुसरी एक्सफॅट, आणि आपल्यासाठी तीच योग्य आहे. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली, मॅकवर ती २०१० पासून चालते आणि लिनक्सच्या केर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, ती २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून समाविष्ट आहे. आपल्या कार्यालयातील लिनक्स त्याहून जुने असल्यास एक्सफॅटसाठी वेगळे पॅकेज घालावे लागते. ते काम तेथील संगणक सांभाळणाऱ्या व्यक्तीला सांगून आधीच करून घ्यावे.

एक्सफॅटची शिफारस करताना तिची कमकुवत बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. एनटीएफएस आणि एक्स्ट४ या पद्धती कोणताही बदल करण्यापूर्वी त्याची टिपणी वेगळ्या जागी करून ठेवतात, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तरी अर्धवट राहिलेले काम ओळखून नोंदी पुन्हा जुळवता येतात. एपीएफएसनेही त्यासाठी स्वतःची सोय केलेली आहे. एक्सफॅटमध्ये अशी टिपणी नसते आणि कोणती जागा कोणत्या फाइलला दिली आहे हे सांगणाऱ्या तक्त्याची फॅट३२ प्रमाणे दुसरी प्रतही सहसा नसते. फाइल लिहिली जात असताना केबल ओढली गेली तर एखादी फाइलच नव्हे, तर पूर्ण फोल्डर दिसेनासे होऊ शकते. यासाठी विंडोजवर डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून, मॅकवर ‘इजेक्ट’ करून आणि लिनक्सवर ‘अनमाउंट’ करून मगच केबल काढावी. पडद्यावरील कॉपीची पट्टी संपली म्हणजे लिहिणे संपले असे नसते; काही मजकूर संगणकाच्या मेमरीत थांबलेला असू शकतो. या नियमाला अपवाद करू नये, घाईच्या वेळी तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट. एक्सफॅट मोठ्या डिस्कवर जागेचे वाटप मोठ्या तुकड्यांत करते. विंडोजवर नेहमीच्या निवडीने फॉरमॅट केल्यास ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर हा तुकडा १२८ केबीचा असतो, म्हणजे दोन केबीची चिठ्ठीही १२८ केबी जागा अडवते. अशा दहा हजार चिमुकल्या फाइली सव्वा जीबीच्या आसपास जागा व्यापतील. चित्रफिती आणि छायाचित्रे ठेवणाऱ्याला याची झळ लागत नाही. मात्र असंख्य छोट्या फाइलींचे प्रकल्प सांभाळणाऱ्याने त्या एकत्र करून झिप स्वरूपात ठेवलेल्या बऱ्या.

प्रश्न : माझी डिस्क विंडोजवर फॉरमॅट केलेली असून तिच्यावर अनेक वर्षांची छायाचित्रे आहेत. आता मी मॅक घेतला आहे. छायाचित्रे दिसतात, पण नवीन काही साठवता येत नाही. आतील काहीही न पुसता ही डिस्क दोन्हीकडे चालेल अशी करता येईल का?

उत्तर : आपली डिस्क एनटीएफएस आहे. जागच्या जागी, आतील मजकूर तसाच ठेवून तिचे एक्सफॅटमध्ये रूपांतर करण्याची सोय विंडोजमध्ये नाही आणि मॅकमध्येही नाही. मॅकला एनटीएफएसवर लिहिता यावे यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घेता येते, आणि ज्यांना रोज अशा डिस्क हाताळाव्या लागतात त्यांनी ते घेणे समजण्यासारखे आहे. मात्र ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर अद्ययावत ठेवावे लागते, आणि ज्या दुसऱ्याच्या मॅकवर ते नसेल तेथे आपली अडचण कायम राहते.

त्यामुळे सरळ मार्ग असा, की सर्व छायाचित्रे आधी दुसऱ्या डिस्कवर किंवा संगणकावर उतरवून घ्यावीत, फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळतो का ते पाहावे, निरनिराळ्या वर्षांची काही छायाचित्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत आणि त्यानंतरच जुनी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी. फॉरमॅट करताना सर्व मजकूर जातो, हे पूर्ण ध्यानात ठेवून मगच ते बटण दाबावे. दुसरी डिस्क हाताशी नसेल तर ती मिळेपर्यंत हे काम पुढे ढकलावे.

फॉरमॅट मॅकवर करणार असल्यास ‘डिस्क युटिलिटी’ उघडून ‘व्ह्यू’ मेनूतील ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडावे. असे केल्यावर डाव्या बाजूस डिस्कचे मूळ नाव वर आणि तिच्यावरील विभाग त्याखाली दिसतात. वरचे, मूळ नाव निवडून ‘इरेज’ दाबल्यावर फॉरमॅटच्या जागी ‘एक्सफॅट’ आणि स्कीमच्या जागी ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ निवडावे. हा दुसरा पर्याय अनेकांच्या नजरेतून सुटतो. स्कीम म्हणजे डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याची पद्धत. त्यांतील जुनी एमबीआर ही पद्धत सर्वसाधारण डिस्कवर २ टीबीपर्यंतच हिशोब ठेवू शकते, म्हणून त्याहून मोठ्या डिस्कला जीयूआयडी, म्हणजेच विंडोजवर जिला जीपीटी म्हणतात ती पद्धत, आवश्यक ठरते. विंडोजवर करणार असल्यास ‘धिस पीसी’मध्ये डिस्कवर उजवे बटण दाबून ‘फॉरमॅट’ निवडावे, एक्सफॅट निवडावे आणि ‘अलोकेशन युनिट साइज’ जो आपोआप आलेला असेल तोच राहू द्यावा. तो उगाच वाढवल्यास डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडताना अडचण येऊ शकते. काम झाल्यावर दोन्ही संगणकांवर एकेक छोटी फाइल लिहून, ती दुसरीकडे उघडून पाहावी आणि मगच छायाचित्रे परत आणावीत.

याच संदर्भात एका धोक्याची सूचना ठळकपणे द्यावीशी वाटते. विंडोजला न समजणारी डिस्क जोडली, की अनेकदा ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ अशा अर्थाची चौकट पुढे येते आणि तिच्यात ‘फॉरमॅट डिस्क’ हे बटण असते. मॅकवर डिस्क वाचता येत नसल्याची सूचना येते आणि तिच्याखाली ‘इनिशियलाइझ’चा पर्याय असतो. दोन्ही संगणक प्रत्यक्षात एवढेच सांगत असतात, की त्यांना तेथील नोंदी कळत नाहीत. डिस्क रिकामी आहे किंवा बिघडली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. अशा वेळी विंडोजवर ‘कॅन्सल’ आणि मॅकवर ‘इजेक्ट’ निवडून डिस्क काढावी आणि जेथे ती चालत होती त्या संगणकावर जोडून पाहावी. चांगल्या डिस्कवरील आयुष्यभराची छायाचित्रे या एका बटणाने गेल्याची कितीतरी पत्रे येतात. चुकून ते बटण दाबले गेलेच, तर त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. झटपट फॉरमॅटमध्ये बहुधा नोंदीच पुसल्या जातात आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कवरील मजकूर परत मिळवण्याची शक्यता तोपर्यंत शिल्लक असते.

प्रश्न : फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी? माझ्या जुन्या संगणकाला चौकोनी यूएसबी पोर्ट आहे आणि नव्याला फक्त टाइप-सी.

उत्तर : एसएसडी तबकडीऐवजी चिपवर मजकूर साठवते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही. फरक वेगाचा, टिकाऊपणाचा आणि त्याच खर्चात मिळणाऱ्या क्षमतेचा आहे. खिशात मावणारी तबकडीची डिस्क साधारणपणे सेकंदाला १०० ते १४० एमबी मजकूर हलवते, तर साध्या एसएसडीचा वेग ५०० एमबीच्या घरात असतो. शंभर जीबीच्या मोठ्या चित्रफिती पहिलीवर उतरवायला पाव तासाच्या आसपास वेळ लागेल आणि दुसरीवर साडेतीन मिनिटे पुरतील. पण हीच एसएसडी जुन्या यूएसबी २.० पोर्टला जोडली तर वेग ३५ ते ४० एमबीवर येतो आणि त्याच कामाला पाऊण तास लागतो. म्हणून आपल्या जुन्या संगणकाचा पोर्ट कोणता आहे हे आधी पाहून घ्यावे. यूएसबी ३ चे पोर्ट पुष्कळदा आतून निळे असतात, पण सर्वच कंपन्या हा रंग पाळत नाहीत, तेव्हा संगणकाची माहितीपुस्तिका पाहणे अधिक खात्रीचे.

टाइप-सी हा केवळ खोबणीचा आकार आहे, वेगाची हमी नाही. त्या आकाराच्या पोर्टमधून यूएसबी २.० चाही वेग मिळू शकतो आणि थंडरबोल्ट या अतिवेगवान जोडणीचाही. डिस्क घेताना ‘फक्त थंडरबोल्ट’ असा उल्लेख असल्यास ती टाळावी, कारण थंडरबोल्ट नसलेल्या संगणकावर ती जोडली जाईल पण चालणार नाही. सेकंदाला २० गिगाबिट वेग सांगणारी ‘२ बाय २’ प्रकारची यूएसबी डिस्क मॅकवर चालते, मात्र तिचा पूर्ण वेग मिळेलच असे नाही; बऱ्याच मॅकवर ती १० गिगाबिटवरच थांबते. आपल्यासाठी १० गिगाबिट किंवा ५ गिगाबिटची यूएसबी एसएसडी पुरेशी आहे. तिच्यासोबत दोन्ही आकारांच्या केबल येतात का, किंवा केबलच्या टोकाला लावायचा जोड मिळतो का, एवढे पाहावे.

रोज पिशवीतून ने-आण करायची असेल तर मी एसएसडीच सुचवेन, कारण तिच्यात हलणारा भाग नाही आणि चालू असताना धक्का बसला तरी तबकडीला ओरखडा जाण्याचा प्रश्न येत नाही. घरी टेबलावर ठेवून मोठा साठा सांभाळायचा असेल तर तबकडीची डिस्क अजूनही उत्तम आहे. मात्र मोठ्या क्षमतेच्या अनेक छोट्या डिस्कमध्ये तबकडीवरील पट्टे कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेले असतात, आणि अशा डिस्कवर मोठा मजकूर वारंवार बदलला तर वेग बराच घसरतो. एकदा भरून ठेवण्यासाठी ती ठीक. तिच्यावरूनच थेट चित्रफितींचे संकलन करू नये. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला वेगळा अॅडॉप्टर लागतो, यूएसबीच्या विजेवर ती चालत नाही. दीर्घकाळ बंद कपाटात ठेवायच्या एकमेव प्रतीसाठी मात्र एसएसडीवर विसंबू नये. वीज न मिळता फार काळ पडून राहिल्यास तिच्यातील मजकूर क्षीण होऊ शकतो.

प्रश्न : नवी १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखवते, मॅकवर मात्र १ टीबी. कोणाचे खरे?

उत्तर : दोन्हींचे खरे. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये एवढे बाइट धरतात आणि मॅकही २००९ पासून तसेच मोजतो. विंडोज दर टप्प्याला हजाराऐवजी १०२४ ने भागते, म्हणून आकडा लहान दिसतो. फसवणूक झालेली नाही.

प्रश्न : माझ्या डिस्कवर ३०० जीबी जागा रिकामी आहे, तरी ७ जीबीची चित्रफीत ‘फार मोठी आहे’ म्हणून नाकारली जाते.

उत्तर : आपली डिस्क फॅट३२ आहे. या पद्धतीत एका फाइलचा आकार ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, एवढाच असू शकतो. रिकामी जागा कितीही असो. मजकूर अन्यत्र हलवून एक्सफॅट करावे. ही डिस्क आपण दूरचित्रवाणी संचालाही जोडत असाल, तर तो संच एक्सफॅट वाचतो का ते त्याच्या पुस्तिकेत आधी पाहावे, कारण काही जुने संच फॅट३२ किंवा एनटीएफएसच ओळखतात. तसे असल्यास संचासाठी एक लहान पेन ड्राइव्ह वेगळा ठेवणे सोयीचे.

प्रश्न : मी फाइलींना देवनागरीत लांबलचक नावे देतो. एक्सफॅट डिस्कवरून लिनक्सवर कॉपी करताना काही फाइली ‘नाव फार मोठे’ म्हणून अडतात. शिवाय मॅकवरून आलेल्या प्रत्येक फाइलीबरोबर विंडोजवर तिच्याच नावाची, टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी एक छोटी फाइल दिसते. हा व्हायरस आहे का?

उत्तर : देवनागरीत नावे देणे योग्यच आहे आणि तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीम ती नीट दाखवतात. अडचण मोजमापाची आहे. एक्सफॅट आणि एनटीएफएस नावासाठी २५५ युनिकोड एकके, म्हणजे तेवढीच देवनागरी चिन्हे, देतात, तर लिनक्सची एक्स्ट४ २५५ बाइट देते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तेथे तीन बाइट घेते, म्हणून नाव ८५ चिन्हांत संपवावे लागते, आणि त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सर्व स्वतंत्रपणे मोजले जातात. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसते, पण संगणकाला ती तीन चिन्हे, म्हणजे नऊ बाइट. नाव साठ-सत्तर चिन्हांत आटोपले तर कोठेच अडणार नाही. नावात प्रश्नचिन्ह, तारांकन, अपूर्णविराम, अवतरणचिन्ह आणि तिरपी रेघ टाळावी. मॅक आणि लिनक्स आपल्या स्वतःच्या डिस्कवर यांतील बहुतेक चिन्हे चालवून घेतात, विंडोज घेत नाही.

ती छोटी फाइल व्हायरस नाही. मॅक फाइलीविषयीची जी जादा माहिती ठेवतो तिला एक्सफॅटमध्ये जागा नसल्यामुळे तो ती अशा जोडफाइलीत लिहितो. विंडोजवर त्या पुसल्याने मूळ छायाचित्राला किंवा दस्तऐवजाला सहसा काही होत नाही.

प्रश्न : याच सामायिक डिस्कवर मॅकचा टाइम मशीन बॅकअपही ठेवता येईल का? आणि डिस्क हरवल्यास आतील कागदपत्रे कोणाला उघडता येऊ नयेत यासाठी काय करावे?

उत्तर : टाइम मशीन एक्सफॅट डिस्कवर चालत नाही. बॅकअपसाठी ती डिस्क निवडल्यास मॅक ती पुसून आपल्या पद्धतीने फॉरमॅट करण्याची परवानगी मागतो. ती देऊ नये. मॅकच्या ‘फोटोज’ अॅपची लायब्ररीही एक्सफॅटवर ठेवू नये, तिला मॅकचेच फॉरमॅट लागते. एका डिस्कचे दोन विभाग करून एक एपीएफएस आणि दुसरा एक्सफॅट ठेवणे शक्य आहे, पण मला ही व्यवस्था पसंत नाही. डिस्क पडली तर बॅकअप आणि देवघेवीचा मजकूर दोन्ही एकदम जातात, आणि आयपॅडला तर मजकुराचा एकच विभाग असलेली डिस्क लागते. बॅकअपसाठी मॅकच्या साठ्याच्या निदान दुप्पट क्षमतेची तबकडीची डिस्क वेगळी घ्यावी आणि देवघेवीसाठी लहान एसएसडी ठेवावी. त्या एसएसडीवरील कोणतीही फाइल एकमेव प्रत असू नये.

कुलूपबंदीसाठी विंडोजचे बिटलॉकर वापरल्यास डिस्क मॅकवर उघडणार नाही, आणि मॅकच्या कूटबद्ध एपीएफएसचे विंडोजवर तेच होते. तिन्हीकडे चालणारे मार्ग दोन. व्हेराक्रिप्ट हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मिळते. एक्सफॅट डिस्कवर त्याची एक कुलूपबंद फाइल तयार करून गोपनीय कागदपत्रे तेवढी तिच्यात ठेवता येतात आणि बाकीची डिस्क मोकळी राहते. मात्र ते प्रत्येक संगणकावर आधी घालावे लागते, मॅकवर त्याला आणखी एका पूरक सॉफ्टवेअरची गरज पडते, आणि कार्यालयातील संगणकावर त्यासाठी परवानगी लागू शकते. जेथे सॉफ्टवेअर घालण्याची मुभाच नाही तेथे अंगावर आकड्यांची कळफलक-पट्टी असलेली डिस्क घ्यावी. तिचे कूटीकरण आतील चिप करते, आकडा बरोबर दाबल्यावर ती कोणत्याही संगणकाला साधी डिस्क म्हणूनच दिसते, आणि ठरावीक वेळा चुकीचा आकडा दाबल्यास अशा बहुतेक डिस्क आतील मजकूर कायमचा निरुपयोगी करतात. तो आकडा किंवा व्हेराक्रिप्टचा पासवर्ड विसरल्यास कंपनीकडेही त्यावर उपाय नसतो. म्हणून तो कागदावर लिहून डिस्कपासून दूर, घरातील विश्वासू व्यक्तीला ठाऊक असेल अशा जागी ठेवावा.